बँकेच्या नफ्यासोबत त्यामागचा हिशेबही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तिमाही निकाल लागू लागले की अर्थपानावर बँकांच्या नफ्याच्या बातम्या येतात. ‘निव्वळ नफ्यात इतक्या टक्क्यांची वाढ’ एवढ्यावर बातमी संपते. त्या आकड्यात धंद्यातून मिळालेला नफा किती आणि हिशेबाच्या नियमामुळे दिसणारा किती, हे वाचकाला कळत नाही. व्यापारी बँकांच्या गुंतवणुकीच्या हिशेबाचे नियम १ एप्रिल २०२४ पासून बदलले आहेत. कर्जांवरच्या तरतुदीचे, म्हणजे कर्ज बुडेल म्हणून आधीच बाजूला काढून ठेवायच्या रकमेचे, नियमही १ एप्रिल २०२७ पासून बदलावेत, असा मसुदा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. बँक तीच, व्यवहार तेच, पण नियम बदलला की नफ्याचा आकडा बदलतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या भागात बँकांचे भागधारक आणि ठेवीदार घरोघरी आहेत. १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. १९३६ ची साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २ सप्टेंबर २००६ ला निर्बंधाखाली आली आणि महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, आयडीबीआयमध्ये गेली. दोन्हींची कारणे वेगळी होती, त्यात इथे शिरत नाही. पण बँकेचा ताळेबंद नीट वाचता येण्याची गरज या दोन जिल्ह्यांना वेगळी पटवून द्यावी लागू नये.

आधी रोख्यांचे पाहू. प्रत्येक बँकेला आपल्या ठेवी व इतर देण्यांच्या १८ टक्के रक्कम एसएलआर (वैधानिक रोखता प्रमाण) म्हणून, मुख्यतः सरकारी रोख्यांत, ठेवावी लागते. समजा १०,००० कोटी ठेवींच्या बँकेकडे २,००० कोटींचे सरकारी रोखे आहेत. बाजारात व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव पडतो. किती पडेल, हे ट्रेझरीतली (बँकेच्या गुंतवणूक विभागातली) मंडळी ‘मॉडिफाइड ड्युरेशन’वरून, म्हणजे दर एक टक्का हलला की भाव किती टक्के हलतो त्या आकड्यावरून, काढतात. ते ५ असेल, तर यील्ड (रोख्यावरचा परतावा) अर्धा टक्का वाढल्यावर भाव अंदाजे अडीच टक्के उतरतो, म्हणजे २,००० कोटींवर ५० कोटींचा फटका. अशा बँकेचा वर्षाचा निव्वळ नफा शंभर-सव्वाशे कोटींच्या घरात असतो, तेव्हा ५० कोटी ही काही किरकोळ रक्कम नाही.

हे ५० कोटी नफा-तोटा पत्रकात दिसतील की नाही, हे रोखे कोणत्या खान्यात ठेवले आहेत त्यावर ठरते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार खाने तीन. पहिला एचटीएम, म्हणजे मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे रोखे. हे खरेदी किमतीला धरतात, बाजारभावाशी संबंध नाही, त्यामुळे नफ्यावर परिणाम शून्य. दुसरा एएफएस, म्हणजे ठेवायचेही आणि वेळ पडल्यास विकायचेही. यात बाजारभाव धरावा लागतो, पण चढउतार नफा-तोटा पत्रकाला न शिवता थेट ताळेबंदातल्या ‘एएफएस राखीव’ या खात्यात जातो, तोही कर वजा करून. २५.१७ टक्के कर धरला तर ५० कोटींपैकी सुमारे ३७.४ कोटी तिथून वजा होतात आणि नफा जसाच्या तसा राहतो. तिसरा एफव्हीटीपीएल, म्हणजे बाजारभावातला बदल थेट नफा-तोट्यात धरायचे रोखे. व्यापारासाठी घेतलेले रोखे यातच मोडतात. इथे पूर्ण ५० कोटी त्याच तिमाहीच्या करपूर्व नफ्यातून जातात. रोखे तेच आणि फटकाही तेवढाच, पण पहिल्या दोन खान्यांत नफ्याचा आकडा एक आणि तिसऱ्यात दुसराच.

मार्च २०२४ पर्यंतची रीत याहून निराळी होती. एएफएस खान्यात रोख्यांचा भाव काढून प्रकारानुसार बेरीज-वजाबाकी करायची. निव्वळ घट आली तर ती नफ्यातून वजा करायची, निव्वळ वाढ आली तर मात्र दुर्लक्षित करायची. सावधगिरी म्हणून ते योग्यच होते, पण त्यामुळे व्याजदर वाढत्या काळात बँकांचा नफा एकदम आपटायचा. १० वर्षांच्या सरकारी रोख्याचे यील्ड २०१७ च्या मध्याला साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१८ च्या सुरुवातीला साडेसात टक्क्यांवर गेले. बँकांचे तोटे एवढे वाढले की रिझर्व्ह बँकेने २ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून डिसेंबर २०१७ आणि मार्च २०१८ या दोन तिमाहींचा तोटा चार तिमाहींत विभागून दाखवण्याची मुभा दिली. काही बँकांनी ती घेतली, काहींनी घेतली नाही. त्या तिमाहीत दोन बँकांच्या नफ्याची तुलना करणाऱ्याने ही टीप वाचली नसेल, तर त्याची तुलना चुकलीच.

नव्या पद्धतीत नफ्याचा आकडा शांत दिसतो. पण तोटा नाहीसा झालेला नाही, तो भांडवलात गेला आहे. एएफएस राखीव हे खाते बँकेच्या मूळ भांडवलात, म्हणजे सीईटी-१ मध्ये, धरले जाते. ते उणे झाले की भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या प्रमाणात असलेले भांडवल) उतरते. उलट ते अधिक असले तरी त्यातून लाभांश देता येत नाही. नफा वाढला आणि भांडवल घटले, असे एकाच तिमाहीत घडू शकते. बातमीत मात्र पहिलाच आकडा येतो.

यात एक पळवाट आहे. समजा एएफएस खान्यात दोन रोखे आहेत. एकावर ६ कोटींची वाढ, दुसऱ्यावर ९ कोटींची घट. कर बाजूला ठेवला तर एएफएस राखीव उणे ३ कोटी. तिमाही संपायच्या आधल्या आठवड्यात बँकेने पहिला रोखा विकला. त्या रोख्याची साचलेली ६ कोटींची वाढ राखीवातून निघून नफ्यात येते आणि राखीव उणे ९ कोटी होते. बँक एका रुपयाने श्रीमंत झाली नाही, तरी नफा ६ कोटींनी वाढला. नियमात हे बसते. त्यामुळे बँकेच्या वार्षिक हिशेबाच्या परिशिष्ट १४ मधल्या ‘इतर उत्पन्ना’तला गुंतवणूक विक्रीवरचा नफा आणि परिशिष्ट २ मधल्या एएफएस राखीवाची हालचाल हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एक वाढतो आणि दुसरा तेवढाच खाली जातो, असे सलग दोन-तीन तिमाही दिसले, तर तो नफा टिकाऊ नाही असे समजावे. एएफएस म्हणून खास नोंदवलेल्या शेअरवर मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांच्या विक्रीचा नफा थेट भांडवली राखीवात जातो, नफा-तोटा पत्रकात येत नाही.

एचटीएमचा धोका आणखी आत दडलेला असतो. पूर्वी एकूण गुंतवणुकीच्या २५ टक्के, आणि एसएलआर रोख्यांसाठी त्यावर सवलत, अशी या खान्याला मर्यादा होती. नव्या निर्देशांत ती उठली. बदल्यात दोन बंधने आली. वर्षाच्या सुरुवातीला खान्यात असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त विक्री रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. आणि एका खान्यातून दुसऱ्यात रोखे हलवायचे तर संचालक मंडळाची मान्यता आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी, दोन्ही लागतात. म्हणजे खरेदीच्या दिवशी डीलरने कोणता खाना निवडला, त्यावर पुढच्या कित्येक वर्षांच्या नफ्याची चाल ठरते. हा निर्णय मध्यम आकाराच्या बँकांत अजूनही फार खालच्या पातळीवर होतो, असे आमचे निरीक्षण आहे. तो संचालक मंडळाच्या धोरणात लेखी असायला हवा.

एचटीएममधला न दिसणारा तोटा काय करू शकतो, हे अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये दिसले. सिलिकॉन व्हॅली बँकेकडे सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे अशाच खान्यात होते. व्याजदर वाढल्याने त्यांच्यावर १५ अब्ज डॉलरच्या आसपास तोटा साचला होता. तो नफ्यात कुठेच नव्हता, जोडपत्रातल्या टिपेत मात्र होता. ठेवी निघू लागल्या तेव्हा बँकेने आधी विक्रीयोग्य खान्यातले २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा ८ मार्चला जाहीर केला, आणि १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली. हिशेब खोटा नव्हता. टीप वाचली गेली नव्हती. आपल्याकडेही एचटीएम रोख्यांची पुस्तकी किंमत आणि बाजारभाव टिपांमध्ये द्यावे लागतात. तो फरक भांडवलाच्या किती टक्के आहे, एवढा एक भागाकार बातमीदाराने केला तरी वाचकाचे मोठे काम होईल.

१ एप्रिल २०२४ च्या बदलाबद्दल आणखी एक गोष्ट सुटून जाते. जुन्या पद्धतीत भावघटीपोटी ठेवलेल्या तरतुदी त्या दिवशी उलटवून थेट राखीव निधीत टाकायच्या होत्या, नफ्यातून नाही. अनेक बँकांची नक्त मालमत्ता त्या एका दिवसात बदलली. आधीच्या वर्षाचे आकडे मात्र जुन्याच पद्धतीचे राहिले. म्हणून २०२४-२५ ची टक्केवारी २०२३-२४ शी लावून छापलेल्या तुलनेला फार अर्थ नव्हता. शिवाय सवलतीत घेतलेल्या रोख्यांचे व्याज-उत्पन्नही वाढले. ९६ रुपयांना घेतलेला, ८ वर्षांनी १०० रुपये देणारा रोखा घ्या. पूर्वी एचटीएममध्ये जास्त किंमत देऊन घेतलेला रोखा असेल तर तो जादा खर्च दरवर्षी कापायचा, पण सवलत मात्र मुदत संपेपर्यंत उत्पन्नात धरायची नाही, अशी रीत होती. आता ते ४ रुपये मुदतीवर विभागून दरवर्षी सुमारे ५० पैसे उत्पन्नात येतात.

नागरी सहकारी बँका या निर्देशांत नाहीत. त्यांना स्वतंत्र निर्देश आहेत आणि तिथे एचटीएम, एएफएस, एचएफटी (व्यापारासाठीचे रोखे) ही जुनीच मांडणी चालते. तेव्हा सांगलीतल्या सहकारी बँकेचा आणि राष्ट्रीयीकृत बँकेचा नफा एकाच तक्त्यात छापताना खाली तशी टीप हवी. बिगरबँक वित्तीय कंपन्यांचे तिसरेच. मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून इंडएएस (भारतीय लेखा मानके) लागू झाले, म्हणजे त्या अपेक्षित पतहानीवर, कर्ज बुडण्याआधीच अंदाजलेल्या नुकसानीवर, तरतूद करतात. बँकांनाही तेव्हाच ते लागू व्हायचे होते. ते आधी एक वर्ष पुढे गेले आणि २२ मार्च २०१९ ला पुढील सूचनेपर्यंत थांबवले गेले.

आता कर्जांकडे वळू, कारण नफ्यावरचा मोठा परिणाम तिथे होणार आहे. आजची पद्धत साधी आहे. कर्ज नियमित असेल तर सर्वसाधारणपणे ०.४० टक्के तरतूद, शेती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना ०.२५ टक्के. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए (अनुत्पादक). मग तारण असलेल्या कर्जावर १५ टक्के, विनातारण असेल तर २५ टक्के, आणि वसूल न झालेले व्याज उत्पन्नातून उलटवायचे. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम उद्योगाचे १० कोटींचे कर्ज धरा. ८९ व्या दिवशी तरतूद ४ लाख. ९१ व्या दिवशी दीड कोटी, आणि १० टक्के दराने एका तिमाहीचे २५ लाख व्याज उलटे. उद्योग काही दोन दिवसांत आजारी पडत नाही. ऑर्डर कमी होणे, वीजबिल थकणे, स्टॉक स्टेटमेंट उशिरा येणे हे सहा महिने आधीपासून शाखेला दिसत असते, पण हिशेबाला दिसत नाही.

अपेक्षित पतहानीची पद्धत, म्हणजे ईसीएल, हेच आधी धरायला लावते. कर्ज बुडण्याची शक्यता, बुडाल्यावर प्रत्यक्ष होणारे नुकसान आणि त्या वेळची येणी रक्कम, या तिघांचा गुणाकार. पहिल्या टप्प्यात पुढच्या १२ महिन्यांपुरता, आणि जोखीम लक्षणीय वाढली की दुसऱ्या टप्प्यात कर्जाच्या उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी. वरच्याच कर्जाला शक्यता २ टक्के आणि नुकसान ४५ टक्के धरले तर पहिल्या टप्प्यात ०.९ टक्के, म्हणजे ९ लाख. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण मुदतीची शक्यता १२ टक्के धरली तर ५.४ टक्के, म्हणजे ५४ लाख. रिझर्व्ह बँकेच्या मसुद्यात दुसऱ्या टप्प्यातल्या बहुतेक कर्जांना किमान ५ टक्क्यांची पायरी आहे. त्यामुळे तारण भक्कम आहे म्हणून नुकसान २५ टक्केच धरले आणि गणित ३० लाखांवर आले, तरी ५० लाख ठेवावेच लागतील. नफ्याला धक्का बसण्याची जागा आता ९० व्या दिवसावरून पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या सीमेवर येते.

हे गणित कागदावर सोपे आणि प्रत्यक्षात अवघड, कारण बँकांची जुनी माहिती कच्ची आहे. शाखेत खाते नेमके कधी थकले ती तारीख नंतरच्या नूतनीकरणाने पुसलेली असते. पुनर्रचना केलेली खाती ‘नियमित’ म्हणून मोजली जातात आणि बुडण्याची शक्यता कमी येते. वसुलीत मिळालेले पैसे दिसतात, पण ते सहा वर्षांनी मिळाले आणि वकील, लिलाव, मूल्यांकन यांवर किती गेले हे वजा होत नाही, म्हणून नुकसानही कमी येते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. तरतूद कमी पडते, नफा फुगतो, आणि मंदी आली की एकदम उतरतो. करोनाच्या पहिल्या सहामाहीत युरोप आणि ब्रिटनच्या बँकांनी आयएफआरएस ९ (अपेक्षित पतहानीचे आंतरराष्ट्रीय लेखा मानक) खाली मोठ्या तरतुदी केल्या आणि २०२१ मध्ये त्यातल्या बऱ्याच परत नफ्यात घेतल्या. दोन्ही वर्षांचे नफे त्यामुळे खऱ्या धंद्यापासून दूर गेले. व्यवस्थापनाच्या अंदाजाने केलेली जादा तरतूद ही सोयीची साठवण होऊ नये, यासाठी तिचे कारण आणि ती सोडण्याची अट, दोन्ही टिपांत लेखी असावीत, असे आमचे ठाम मत आहे.

बदलाच्या पहिल्या दिवशीची जादा तरतूद नफ्यातून नव्हे, राखीव निधीतून जाईल, आणि भांडवलावरचा तिचा भार मार्च २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने धरता येईल, अशी मसुद्यात सोय आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी काही बँकांचा नफा उलट बरा दिसेल, कारण जुन्या कर्जांचा भार आधीच राखीवातून गेलेला असेल. त्या वर्षी ‘नफ्यात भरघोस वाढ’ असा मथळा देण्यापूर्वी राखीव निधीची हालचाल जरूर पाहावी. कर्जावरच्या प्रक्रिया शुल्काचेही तसेच. ५० लाखांच्या गृहकर्जावर घेतलेले २५ हजार आज बहुधा त्याच वर्षी उत्पन्नात येतात. प्रभावी व्याजदराच्या पद्धतीत ते कर्जाच्या अपेक्षित आयुष्यावर विभागले जातील. आठ वर्षे धरली तर साधारण तीन हजार वर्षाला. वेगाने कर्ज वाढवणाऱ्या बँकेचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न त्याने घटेल. एजंटाला दिलेले कमिशनही तसेच विभागले जाणार असल्याने फरक थोडा भरून निघेल.

आमची खरी काळजी उसाची आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात बिले किती रखडतात हे वाळवा, पलूस, कराडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. एनपीएच्या नियमात याची दखल आहे. जास्त मुदतीच्या पिकाचे कर्ज एक पीक हंगाम थकल्यावर एनपीए होते, ९० दिवसांनी नाही. ३०, ६० दिवसांच्या एसएमए (एनपीए होण्याआधीची इशाऱ्याची) वर्गवारीतूनही पीक हंगामावर आधारित कर्जे वगळलेली आहेत. पण इंडएएस १०९ या लेखा मानकात ३० दिवसांची थकबाकी म्हणजे जोखीम लक्षणीय वाढली, असे गृहीतक आहे. ते सबळ कारण दाखवून बाजूला ठेवता येते, मात्र तसे करायला बँकेने आकडे मांडावे लागतात. ते न मांडता संगणकाने ३० दिवस सरसकट मोजले, तर एका कारखान्याचे बिल दीड महिना लांबल्यावर त्या कार्यक्षेत्रातली सगळी कर्जे दुसऱ्या टप्प्यात जातील. १०० कोटींच्या पीककर्जावर ०.२५ टक्क्याने २५ लाख तरतूद होती, ती ५ टक्के धरली तर ५ कोटी होईल. चूक कारखान्याच्या तारखेची, भार शाखेच्या नफ्यावर, आणि पुढच्या हंगामात हात आखडता शेतकऱ्यासाठी.

जिल्हा बँक आणि विकास सोसायट्यांमार्फत जाणारे पीककर्ज या मसुद्याच्या बाहेर आहे. व्यापारी बँकांचे मात्र आत आहे. त्यावर उपाय आहे, आणि तो बँकांच्याच हातात आहे. प्रत्येक ऊसकर्जासोबत कारखान्याचे नाव, तोडीची तारीख आणि बिल जमा झाल्याची तारीख अशा तीन नोंदी ठेवायच्या. पाच-सहा हंगामांच्या या नोंदींवरून, बिल उशिरा आले तरी कर्ज शेवटी फिटते की नाही, हे आकड्यांत दाखवता येते. बहुतेक शाखांत हे कागद ऊसबिलाच्या याद्यांच्या रूपाने आहेत, पण प्रणालीत भरलेले नाहीत. २०२७ ला वेळ फार नाही. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेज पावतीवरची आणि सांगलीच्या हळदीवरची कर्जे यांनाही हेच लागू आहे. तिथे मालाच्या भावाची तारीख आणि विमा संपण्याची तारीख नोंदवली तरी पुरे.

आपल्याकडून एक मागणी आहे. बँकेच्या निकालाच्या बातमीखाली लहान चौकट द्यावी. तीत तरतुदीपूर्व नफ्यातून गुंतवणूक विक्रीचा नफा वजा करून उरलेला आकडा, एएफएस राखीवाची तिमाहीतली हालचाल, जादा अथवा आकस्मिक तरतुदीत घातलेली किंवा तिथून काढलेली रक्कम, आणि वर्षअखेरच्या निकालात एचटीएम रोख्यांच्या पुस्तकी किमती व बाजारभावातला फरक एवढे यावे. सूचीबद्ध बँकांचे निकाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर येतात, तिथल्या टिपांत आणि वार्षिक अहवालाच्या परिशिष्ट १८ मध्ये हे सापडते. पहिल्या एक-दोन तिमाहींसाठी ही चौकट तपासून द्यायला आमच्यापैकी कोणीही विनामोबदला तयार आहे.

आपले नम्र,
सांगली-मिरजेतील काही सनदी लेखापाल व निवृत्त बँक अधिकारी